बडी गाय प्रत्यक्ष ऐकलाय का कुणी? (आणि त्याची अर्धवट गाणी)

सहातारी (धागाकर्ता)

पाश्चात्य संगीताच्या जुन्या धाग्यावर कुणीतरी लिहून गेलंय, "बडी गाय म्हणजे नुसता खेळ. एक गाणं धड पूर्ण करत नाही." तिथे उत्तर द्यायचं राहिलं. तो धागा आता सॅक्सोफोनवरून गोव्यात आणि गोव्यावरून फेणीत गेलाय, त्यामुळे हा वेगळा काढतोय.

नाव नवं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीतातला गिटारवादक आणि गायक. जन्म ३० जुलै १९३६, अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातलं लेट्सवर्थ हे खेडं. घरचे दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवायचे. १९५७ साली शिकागो गाठलं. चेस रेकॉर्ड्स या कंपनीत मडी वॉटर्ससारख्या बड्यांच्या मागे बसून गिटार वाजवली. स्टेजवर तो जसा वाजवायचा, म्हणजे अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र) कळवळेपर्यंत, तसं मात्र स्टुडिओत वाजवू दिलं गेलं नाही. मालक लेनर्ड चेसला तो गोंगाट वाटायचा. पुढे हाच गोंगाट जिमी हेंड्रिक्स आणि एरिक क्लॅप्टन यांनी जगभर विकला, आणि दोघेही बडीला मानायचे. स्वतः बडीला खरे दिवस दिसले ते १९९१ च्या 'डॅम राइट, आय हॅव गॉट द ब्लूज' या अल्बमनंतर. तेव्हा तो पंचावन्नाचा होता.

२०११ च्या फेब्रुवारीत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिला महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल झाला, त्यात त्याला ऐकलं. वय ७४. अंगात ठिपक्यांचा शर्ट, हातात काळ्यावर पांढरे ठिपके असलेली स्ट्रॅटोकॅस्टर गिटार. (ते ठिपके उगाच नाहीत. घर सोडताना त्याने आईला सांगितलं होतं की पैसे कमावून तुझ्यासाठी ठिपक्यांची कॅडिलॅक आणीन. आई १९६८ मध्ये गेली. गाडी आणायची राहूनच गेली, ठिपके गिटारवर आले.)

आता मुद्दा. लोक म्हणतात 'जोरात वाजवतो'. माझ्या मते बडी गायचं खरं कसब हळू वाजवण्यात आहे. जोरात वाजवणारे गल्लोगल्ली आहेत.

त्या रात्री दुसरं की तिसरं गाणं संथ लयीतलं होतं. सुरुवातीलाच त्याने तार अशी खेचली की पुढच्या रांगेतले लोक मागे सरकले. एक आवर्तन, दुसरं आवर्तन, ड्रम, बास, कीबोर्ड, सगळे चढलेले. आणि मग त्याने करंगळीने गिटारवरचं आवाजाचं बटण फिरवलं. गिटार खाली आली. त्याबरोबर ड्रमरने काठ्या उचलून नुसती कड वाजवायला सुरुवात केली, बासवाला एकेका स्वरावर आला, कीबोर्डची फक्त एक रेघ उरली. लय तीच, मात्रा तितक्याच. फक्त आवाज शंभरावरून पाचावर. बरं, हे दोन ओळींपुरतं नाही, तीन-चार आवर्तनं तसंच. पिक (तार छेडायची छोटी पट्टी) तारेला घासल्याचा आवाज ऐकू येत होता, आणि तो गात होता तेही माइकपासून हातभर लांब उभा राहून.

मेहबूबमधलं पब्लिक तुम्हाला माहीत आहे. हातात ग्लास, अर्धं लक्ष गप्पांत. ते गप्प झालं. ज्यांनी थांबवलं नाही त्यांच्याकडे त्याने नुसतं बघितलं, ओठांवर बोट ठेवलं. मग सगळा हॉल वाट बघत असताना त्याने तो एक स्वर मारला, पूर्ण आवाजात. शेजारच्या काकांच्या तोंडून शिवी निघाली. कौतुकाची.

हे रेकॉर्डिंगवर कळत नाही. घरी आवाज खाली गेला की आपला हात आपोआप आवाज वाढवायला जातो. शिवाय रेकॉर्ड करतानाच मोठा-बारीक आवाज बराचसा सारखा केलेला असतो. हॉलमध्ये बटण त्याच्या हातात असतं. आपल्याला कान पुढे करण्यावाचून इलाज नसतो.

अर्धवट गाण्यांबद्दल खाली बोलूच. ज्यांनी ऐकलंय त्यांनी लिहा.

पोफळीची_बाग

नाव वाचून शेतीविभागातला धागा चुकून इथे आला असं वाटलं. :-)

लिहिलंय छान. पण मला मूलभूत शंका आहे. ब्लूज आणि ब्लूज-रॉक यात फरक काय? आणि 'आवर्तन' म्हणता ते किती मात्रांचं?

सहातारी

@पोफळीची_बाग, आवर्तन शब्द मी सवयीने वापरला, पण लागू पडतो. ब्लूजचा नेहमीचा साचा बारा 'बार'चा. एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस. पहिले चार बार षड्जाच्या कॉर्डवर (एकदम वाजवलेल्या स्वरांचा गुच्छ), मग दोन मध्यमाच्या, दोन परत षड्जाच्या, एक पंचमाचा, एक मध्यमाचा, शेवटचे दोन षड्जावर, आणि त्यातच पुढच्या फेरीकडे वळण. गाण्याची पहिली ओळ दोनदा म्हणायची, तिसरी ओळ तिला उत्तर देणारी. एवढंच. हे एकदा कानात बसलं की बाराव्या बारला तुमची मान आपोआप हलते, समेवर हलते तशी.

फरक माझ्या समजुतीप्रमाणे असा की शिकागोच्या ब्लूजमध्ये गाणारा मुख्य आणि गिटार त्याला उत्तर देणारी. साठच्या दशकात इंग्लंडमधल्या पोरांनी त्याच रेकॉर्डी ऐकून गिटारला पुढे आणलं, अ‍ॅम्प मोठे केले, सोलो लांबवले, ते ब्लूज-रॉक. बडी गाय दोन्हीच्या मधल्या उंबऱ्यावर आहे. १९६५ मध्ये तो इंग्लंडला गेला तेव्हा त्याला ऐकणाऱ्यांत क्लॅप्टन होता. १९७० मध्ये हार्मोनिकावाला ज्युनियर वेल्स आणि बडी रोलिंग स्टोन्सच्या युरोप दौऱ्यात त्यांच्या आधी वाजवत होते. शिष्यांच्या कार्यक्रमात गुरू आधी, थोडं विचित्रच.

मात्रावृत्त

जुन्या धाग्यावरचं ते वाक्य माझं. अजूनही त्यावर ठाम आहे.

मी त्याला २०१२ मध्ये ऐकलं, परत २०२३ मध्ये ऐकलं. दोन्ही वेळा मेहबूबलाच. ड्रमची काठी घेऊन तारांवर मारणं, टॉवेल गिटारवर फिरवून सूर काढणं, गिटार पोटाला घासणं, मग प्रेक्षकांत उतरून चक्कर, मग 'हा बघा जॉन ली हूकर, हा बघा क्लॅप्टन, हा हेंड्रिक्स' अशा नकला. प्रत्येक गाणं दोन कडवी, की सोडून दिलं. माणूस प्रचंड गुणी आहे यात वादच नाही, म्हणून तर चीड येते. ज्याला एक संथ गाणं बारा मिनिटं बांधून धरता येतं त्याने जादूच्या प्रयोगासारखं रुमालातून कबूतर का काढावं?

आवाज खाली आणण्याबद्दल सहमत. ते दोन्ही वेळा झालं आणि दोन्ही वेळा अंगावर काटा आला. पण तेही ठरलेलंच, हे लक्षात घ्या.

हिवाळी_शिकागो

शिकागोजवळ राहतो, म्हणून थोडी भर.

बडीचा स्वतःचा क्लब आहे, 'बडी गाय्ज लेजंड्स'. १९८९ मध्ये सुरू झाला, आता ७०० साउथ वॉबाश अव्हेन्यूला आहे. जानेवारीत तिथे त्याचे स्वतःचे कार्यक्रम होत आलेत. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत भिंतीवर नामवंतांच्या गिटारी, आणि स्वयंपाक लुइझियानाचा. गंबो हा रस्सा आणि तळलेला कॅटफिश मासा. मालवणी माणसाने निःशंक मागवावा, रस्सा मात्र आपल्यापेक्षा दाट आणि वेगळ्याच धाटणीचा असतो.

इतर महिन्यांतही आजोबा गावात असले की बारपाशी बसलेले दिसायचे. भलताच कुणी वाजवत असला तरी मूड आला तर उठून एखादं गाणं म्हणणार आणि परत येऊन बसणार. वेगळं तिकीट नाही, घोषणा नाही.

@मात्रावृत्त, तुम्ही म्हणता त्या चकरा आणि करामती त्याने मोठा झाल्यावर शोधून काढलेल्या नाहीत. लुइझियानात पोरवयात त्याने गिटार स्लिम नावाच्या कलावंताला पाहिलं होतं. तो लांबलचक वायर लावून गर्दीतूनच वाजवत यायचा. स्टेज रिकामं, गिटार ऐकू येतेय, आणि माणूस कुठे दिसत नाही. बडीने तेव्हाच ठरवलं की वाजवायचं बी. बी. किंगसारखं आणि वागायचं गिटार स्लिमसारखं. शिकागोत आल्यावर क्लबांत गिटारवाल्यांच्या झुंजी लागायच्या. ओटिस रश, मॅजिक सॅम असले लोक समोर. तिथे नुसतं चांगलं वाजवून भागत नसे. पब्लिकने ओळखायला हवं, दुसऱ्या दिवशी क्लबच्या मालकाने बोलवायला हवं. पोटाचा प्रश्न होता. पुढे चेसमध्ये असतानाही तो दिवसा टोइंगचा ट्रक चालवायचा.

मात्रावृत्त

@हिवाळी_शिकागो, हे माहीत नव्हतं, धन्यवाद. पण ज्या कारणासाठी सुरू झालं ते कारण संपलं तरी करत राहायचं का? २०२३ मध्ये त्याला कुणाशी झुंज होती?

कडेलोट

२०२३ ला मीही होते. वय ८६ आणि 'डॅम राइट फेअरवेल' नावाचा निरोपाचा दौरा. माझ्या मते झुंज वयाशी होती, आणि ती दिसत होती. बोटं पूर्वीइतकी पळत नव्हती. पण आवाज! गाण्याचा आवाज म्हणतेय, गिटारचा नाही. वरच्या पट्टीत तो किंचाळल्यासारखा जातो ना, ते जसंच्या तसं होतं. त्याच्या गिटारबद्दल सगळे लिहितात, गळ्याबद्दल कुणी लिहीत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

ठरलेलं असण्याबद्दल. आमच्या आजोळी दरवर्षी तेच वगनाट्य व्हायचं. गवळण तीच, मावशी तीच, बतावणीतले विनोद अख्ख्या गावाला पाठ. तरी सोंगाड्या कुठे थांबतो, समोरच्या पाटलाला बघून काय घुसडतो, यासाठी लोक घोंगडी घेऊन बसायचे. बडी गाय मला त्या जातीचा कलावंत वाटतो. त्याला मैफलीचे नियम लावले की तो नापास होणारच.

अनुमंद्र

सतार शिकतो (शिकतोच आहे, बरीच वर्षं), त्यामुळे एका गोष्टीवर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ब्लूज गिटारवाला तार वर ढकलून स्वर चढवतो. आपण सतारीवर मींड काढतो तेव्हा हेच करतो, पडद्यावर तार आडवी खेचतो, ताण वाढतो, स्वर चढतो. सतारीत पाच स्वरांपर्यंत खेच निघते, कारण पडदे उंच आणि रुंद, तारेला जागा भरपूर. गिटारच्या अरुंद पट्टीवर दोन-तीन अर्धस्वर म्हणजे चांगली खेच.

पण खरी गंमत गंधारात आहे. ब्लूजचा जो गंधार आहे तो कोमलही नाही आणि शुद्धही नाही, मधे कुठेतरी आहे. पियानोवाल्याला तो मिळत नाही, म्हणून बिचारा दोन्ही पट्ट्या एकदम दाबतो. गिटारवाला कोमल गंधारावर तार ठेवून हलकीशी वर सरकवतो. बडी गाय ती किती सरकवायची हे प्रत्येक वेळी वेगळं ठरवतो, आणि कधीकधी एकाच स्वरात दोनदा ठरवतो. मला मेहबूबमध्ये जाता आलं नव्हतं, चित्रफितींवरून बोलतोय, पण हे तिथेही दिसतं. आपल्याकडे आंदोलित गंधार ऐकलेल्याला हे परकं वाटूच नये.

अवांतर : डेरेक ट्रक्स नावाचा गिटारवादक आहे, काचेची नळी बोटात घालून वाजवतो, पिक वापरत नाही. तो उस्ताद अली अकबर खाँचा भक्त, कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या कॉलेजात जाऊन शिकलाही आहे. त्याचा संथ आलाप ऐका आणि मग मला सांगा की सरोद कुठे संपतं.

बावधनचा_बँडवाला

गिटार दोन वर्षांपासून वाजवतोय. सहातारीदादा, ते बटणाचं जरा सविस्तर सांगाल का? मी आवाज कमी केला की माझी गिटार नुसती मरते. हळू आणि जिवंत असं दोन्ही होत नाही.

सहातारी

@बावधनचा_बँडवाला, तुझा प्रश्न अख्ख्या धाग्यातला सगळ्यात कामाचा आहे.

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असतो तेव्हा तो वाढवून ठेवला की गिटारकडून जास्त सिग्नल आला तर आवाज फाटतो आणि कमी आला तर स्वच्छ होतो. म्हणजे अ‍ॅम्पला हात न लावता, गिटारवरचं बटण दहावरून चारावर आणलं की आवाज कमीही होतो आणि त्याचा पोतही बदलतो. बडीने फेंडर कंपनीचा 'बासमन' अ‍ॅम्प वर्षानुवर्षं वापरला, तो याच कारणासाठी लोकांना आवडतो. स्ट्रॅटोकॅस्टरवर हे बटण उजव्या हाताच्या करंगळीखालीच येतं, त्यामुळे वाजवता वाजवता फिरवता येतं. इतर बऱ्याच गिटारींवर ते लांब असतं.

आता तुझ्याकडे बहुतेक छोटा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प असणार. त्यात हे तितकं होत नाही, पण होतं. अ‍ॅम्पवर नेहमीपेक्षा जास्त आवाज ठेव आणि गिटारवर पाचाच्या आसपास वाजवायची सवय लाव. म्हणजे वर जायला जागा उरते. आपण सगळे दहावर सुरू करतो आणि मग वर जायला काही नसतं.

तरीही मरत असेल तर दोष बहुधा उजव्या हाताचा. आवाज कमी केला की माणूस घाबरून पिकही हळू मारतो. उलट कर. बटण खाली, हात तेवढाच ठाम.

आणि अनुमंद्रांनी लिहिलेला गंधार : 'ए' पट्टीतल्या ब्लूजमध्ये तिसरी तार, पाचवा पडदा. तो कोमल गंधार. सहाव्या पडद्याचा स्वर यायच्या आत थांब. किती आत, ते रोज वेगळं येईल, येऊ दे.

बावधनचा_बँडवाला

पाचावर करून बघितलं. शेजारच्यांनी पहिल्यांदाच बेल वाजवली नाही. बाकी प्रगती कळवतो.

पोफळीची_बाग

@अनुमंद्र, डेरेक ट्रक्स ऐकला. रात्री दीड वाजला, उद्या ऑफिस आहे, जबाबदारी तुमची.

मात्रावृत्त

कडेलोट यांचा बतावणीचा मुद्दा पटण्यासारखा आहे, पूर्ण पटला नाही. वगात शेवटी वग पूर्ण होतो. राजाला न्याय मिळतो, मग लोक उठतात. इथे राजा अर्ध्यातच उठून प्रेक्षकांत जातो.

दुसरं, त्याच्याच क्षेत्रातली उलट उदाहरणं आहेत. २०११ लाच त्याच फेस्टिव्हलमध्ये शिलाँगचा 'सोलमेट' हा बँड होता, रूडी वालांग आणि टिप्रिती खारबांगर यांचा. मी त्यांना नंतर दुसरीकडे ऐकलं. रूडी एक गाणं उचलतो, बांधतो, संपवतो, आणि एकाही क्षणी 'माझ्याकडे बघा' म्हणत नाही. मला ते जास्त जवळचं वाटतं. नावामागे शिकागो नसलं की आपल्याला किंमत कळत नाही, हेही आहेच.

कडेलोट

सोलमेटबद्दल शंभर टक्के. टिप्रितीचा आवाज छोट्या जागेत ऐकावा.

आणि राजा उठून प्रेक्षकांत जातो म्हणालात, तर २०२३ ला तो आमच्यापासून हातभर अंतरावरून गेला. तोपर्यंत स्टेजवरचं सगळं स्पीकरमधून येत होतं. जवळ आल्यावर त्याच्या डाव्या हाताची बोटं दिसली. तारेवर फार कमी हालत होती. एक बोट खेचायचं आणि मागची दोन त्याला टेकू द्यायची, अंगठा मानेवरून वर आलेला. एवढ्या मोठ्या आवाजामागे इतकी थोडी हालचाल. स्टेजवरून हे कधी दिसलं नसतं. ती चक्कर मला तरी फुकट वाटली नाही.

हिवाळी_शिकागो

अर्धवट गाण्यांबद्दल माझं एक निरीक्षण. लेजंड्समध्येही तो गाणी सोडतो, पण मुंबईत सोडतो ती आणि इथे सोडतो ती वेगळी. समोर कोण आहे ते बघून बदलतो. त्याच्या बँडकडे बघा, कुणीही कागद बघत नाही, सगळे त्याच्या पाठीकडे बघत असतात. तो कुठे वळेल ते त्यांनाही माहीत नसतं. ड्रमरचं काम तर जीवघेणं. मधेच हात खाली केला की आवाज मिटायला हवा, लय सुटता कामा नये. सहातारींनी वर्णन केलाय तो क्षण बडीइतकाच त्या ड्रमरचा आहे.

बाकी ज्यांना पुढची पिढी ऐकायचीय त्यांनी क्रिस्टोन 'किंगफिश' इन्ग्रम ऐकावा. १९९९ चा जन्म, मिसिसिपीतलं क्लार्क्सडेल. त्याचा २०१९ चा पहिला अल्बम यायला बडीचाच हातभार होता. हा पोरगा गाणी पूर्ण करतो, मात्रावृत्त खूष होतील.

मात्रावृत्त

किंगफिश ऐकतो. ड्रमरच्या मुद्द्यावर मात्र मी निरुत्तर. दोन्ही वेळा त्या माणसाकडे पाहिलंच नव्हतं.

सहातारी

ड्रमरबद्दल मान्य, मूळ लेखात त्याला एकच ओळ दिली, जास्त द्यायला हवी होती.

@हिवाळी_शिकागो, जानेवारीत लेजंड्सला यायचं झालं तर तिकिटं किती आधी काढावी लागतात आणि बसायला जागा मिळते का, ते लिहाल का? इथले तिघे-चौघे तरी विचारणार आहेत.

हिवाळी_शिकागो

तारखा जाहीर झाल्या की लगेच काढायची, बडीचे दिवस फार पटकन भरतात. टेबल हवं तर दारं उघडायच्या वेळी पोचा, नाहीतर उभं राहावं लागतं. जाड जॅकेट आणि कानटोपी आणा. आणि स्टेजच्या अगदी समोर उभे राहू नका, थोडं बाजूला, ड्रमर दिसेल असे.